सही करण्याआधी ताळेबंद वाचा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर पुष्कळ बोलणे झाले. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आणि विषय आला कंपनीच्या हिशेबातल्या शब्दांचा. घसारा, तरतूद, लेखापरीक्षण, जोखीम, कर. ऐकूनच डोळे मिटावेत असा विषय. पण मघाशी मी विचारले की इथे शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक किती, तेव्हा बरेच हात वर आले. मग विचारले की मागच्या वर्षी ज्या ताळेबंदावर सही केली तो वाचला किती जणांनी, तेव्हा तेच हात पटापट खाली गेले. म्हणून हा विषय.

सोसायटीत आपल्याला सवय वेगळी होती. लेखापरीक्षक येणार, सचिवाच्या कपाटातली दप्तरे तपासणार, अ, ब, क, ड असा एक वर्ग देऊन जाणार. २००२ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने शेतकऱ्यांना कंपनी काढता आली आणि तेव्हापासून सही संचालकाची झाली. वर्षाची कागदपत्रे कंपनी निबंधकाकडे मुदतीत गेली नाहीत, तर प्रत्येक कागदामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत जाते. सलग तीन वर्षे गेली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो. २०१७ साली देशभरात तीन लाखांवर संचालक असे अपात्र ठरले. कायदा विचारत नाही की बाबा, तुला हिशेब समजत होता का.

मी शहाडला राहतो. तुमच्याकडून मुंबईला जाणारी गाडी कसारा घाट उतरली की टिटवाळा, आंबिवली, शहाड ही स्टेशने मागे टाकत कल्याणला येते. शहाडला उल्हास नदीजवळ सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे, १९५६ सालच्या सुमाराचा. लाकडाचा लगदा घ्यायचा, त्यावर कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड आणि गंधकाचे आम्ल यांची प्रक्रिया करायची आणि रेशमासारखा चकचकीत धागा ओढायचा, हा तिथला धंदा. आपल्या बोंडाशी त्याचे नाते नाही, पण कापडाच्या बाजारात तो कापसाचा भाऊबंद आहे. भाऊबंद म्हणजे वाटणी मागणारा.

हा कारखाना ज्या कंपनीने काढला ती १८९७ साली मुंबईत जन्मली, कापसाची गिरणी म्हणून. नाव सेंचुरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. पुढे ती सेंचुरी टेक्स्टाइल्स झाली आणि २०२४ साली तिने नाव घेतले आदित्य बिर्ला रिअल इस्टेट. कापसावर सुरू झालेली कंपनी आज इमारती बांधून विकते. वरळीला जिथे तिची गिरणी होती तिथे घरांचे मनोरे उभे राहिले. यात मी निंदा करत नाही. गिरणी चालवायची की जमीन, हा निर्णय तिने भावनेने घेतला नाही, वह्या उघडून घेतला. आपण मात्र बापाने पऱ्हाटी लावली म्हणून पऱ्हाटी लावतो, आणि ती परवडते की नाही याची वही आपल्या घरात नसते.

कंपनीच्या वहीत मुख्य पाने दोन. एक नफा-तोटा पत्रक, म्हणजे वर्षभरात काय आले आणि काय गेले. दुसरा ताळेबंद, म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी कंपनीजवळ काय आहे आणि ते कोणाचे आहे. 'कोणाचे आहे' हा भाग महत्त्वाचा. घरात दहा क्विंटल कापूस आहे हे आपण सांगतो. त्यातला चार क्विंटल दुकानदाराचा आहे आणि तीन सोसायटीचा, हे सांगत नाही. ताळेबंदाला ते सांगावेच लागते. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी आणि उरलेले भांडवल. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत.

आता घसारा. हा एक शब्द नीट कळला तर आजचे येणे सार्थकी लागले असे समजा.

शहाडच्या कारखान्यात सूत काढणारे यंत्र आहे. ते वर्षभर चालले, झिजले. त्या झिजेचे पैसे कोणी मागायला येत नाही, बिल येत नाही, तरी कंपनी तेवढी रक्कम खर्चात लिहिते आणि मगच नफा किती ते ठरवते. यंत्र जितकी वर्षे चालणार तितक्या वर्षांवर किंमत वाटायची. शेवटी भंगारात जे येईल ते आधी वजा करायचे. आयकर कायदाही हे मानतो. साध्या यंत्रावर दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्के झीज धरू देतो.

आता आपल्या गोठ्यात या. समजा, बैलजोडी एक लाखाला घेतली. आठ वर्षे वखर, पेरणी, डवरणी केली. आठ वर्षांनी बाजारात तिचे वीस हजार आले. म्हणजे झिजली ऐंशी हजार, वर्षाला दहा हजार. पाच एकर कोरडवाहू असेल तर एकरी दोन हजार. एकरी चार क्विंटल कापूस धरला तर क्विंटलमागे ५०० रुपये नुसत्या बैलांच्या झिजेचे. तुमच्यापैकी कोणी आपल्या वहीत हे ५०० रुपये लिहिले असतील तर मी त्याला नमस्कार करतो.

पुढे ऐका. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलापर्यंत वाढला. धर्माची चर्चा इथे करायची नाही. मी हिशेबनीस आहे, वहीपुरते बोलतो. म्हातारा बैल बाजारात विकत घेणारा उरला नाही, म्हणजे शेवटचे वीस हजार गेले. मग झीज ऐंशी हजारांची एक लाख झाली, वर्षाला साडेबारा हजार, एकरी अडीच हजार, क्विंटलला ६२५. एका कायद्याने कापसाचा उत्पादन खर्च क्विंटलमागे सव्वाशे रुपयांनी चढला, आणि म्हाताऱ्या बैलाचा चारा मी अजून धरलेलाच नाही. सरकारच्या एका हुकमाने कंपनीच्या यंत्राचे मोल असे रात्रीत उतरले असते, तर तिने त्याच वर्षी ताळेबंदात ते उतरवून लिहिले असते. त्याला मूल्यऱ्हास म्हणतात. बोअर आटली, विहिरीत गाळ भरला, पुराने माती वाहून गेली, हे सगळे मूल्यऱ्हास. आपल्याकडे ते फक्त बायकोला सांगितले जाते.

एक खुलासा केला पाहिजे, कारण हिशेब शिकलेले काही तरुण इथे आहेत. घसारा लिहिला म्हणून पेटीत पैसे पडत नाहीत. तो नफ्याला आवर घालतो, एवढेच. दहा हजार झीज वजा केली की नफा दहा हजारांनी कमी दिसतो आणि माणूस तेवढे खर्च करायला धजत नाही. वजा केली नाही, तर ते पैसे लग्नात नाहीतर दवाखान्यात जातात, आणि जोडी थकली की सावकाराच्या ओट्यावर बसावे लागते. तोवर जे खाल्ले ते उत्पन्न नव्हते, बैलच होता.

आता शहाडच्या कारखान्याचा दुसरा धडा. विदर्भात आपण शेत ठोक्याने देतो. २०१७ च्या डिसेंबरात सेंचुरीने हा कारखाना असाच ठोक्याने दिला. घेणारी कंपनी ग्रासिम. मुदत १५ वर्षे, १ फेब्रुवारी २०१८ पासून. ठोक्याची रक्कम ६०० कोटी, ती आधीच. शिवाय परत करायची अनामत २०० कोटी, बिनव्याजी. दोन्ही कंपन्या बिर्ला घराण्यातल्या. अशा व्यवहारात लेखापरीक्षकाने एक प्रश्न विचारायचाच असतो, की परक्याशी केला असता तर सौदा याच भावाने झाला असता का. तुमच्या कंपनीचा अध्यक्ष जेव्हा आपल्या मेहुण्याचे गोदाम कंपनीला भाड्याने देतो तेव्हा हाच प्रश्न तुम्ही विचारायचा. गोदाम द्यायला बंदी नाही, पण ते हिशेबात उघड लिहिलेले पाहिजे आणि भाडे बाजारभावाने पाहिजे.

ते ६०० कोटी घ्या. पैसे हातात आले. त्या वर्षीचा नफा ६०० कोटींनी वाढला का? आपण असतो तर गुलाल उधळला असता. हिशेबाचे तत्त्व सांगते, की पंधरा वर्षांच्या वापराचे पैसे आहेत, तर वर्षाला चाळीस कोटी कमावले असे धरा. उरलेले अजून कमावलेले नाहीत. ते आगाऊ आलेले पैसे आहेत आणि ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसतात. रोकड आणि उत्पन्न यांच्यात भिंत घातली आहे ती इथे. आणि अनामतीचे २०० कोटी तर उत्पन्न कधीच होणार नाहीत, ते परतच करायचे आहेत.

तुम्ही जिनवाल्याकडून जूनमध्ये कापसावर उचल घेता. ते पैसे कोणते? बियाणे आणि खत भागले म्हणून ते आपले वाटतात. पण कापूस त्याच्या काट्यावर पडेपर्यंत ते देणे आहे. उलट उधारीवर घातलेला कापूस हे उत्पन्न आहे, पैसे हातात नसले तरी. दोन्ही बाजूंनी आपली चूक होते, म्हणून वैशाखात माणूस श्रीमंत असतो आणि पोळ्याला कंगाल.

याच ओघात तुमच्या कंपनीतले एक कलम. सभासदाच्या मालाच्या किमतीतला काही भाग उत्पादक कंपनी राखून ठेवू शकते आणि नंतर देऊ शकते. कायद्यात त्या रकमेला स्वतंत्र नाव आहे. आपण तिला राखून ठेवलेली किंमत म्हणू. ही रक्कम कंपनीचा नफा नव्हे, ते सभासदाचे येणे आहे. ताळेबंदात ती कुठे लिहिली आहे ते पहा. देण्यात दिसली नाही आणि नफ्यात मिसळलेली आढळली, तर सही करू नका. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीत ज्यांच्या चुकाऱ्यातून भांडवल निर्मिती निधी कापला गेला त्या म्हाताऱ्यांना विचारा, कापलेला पैसा कोणाच्या नावावर लिहिला जातो याला किती किंमत असते.

मालाच्या साठ्याबद्दल थोडक्यात. कंपनी शिल्लक माल खर्चाच्या भावाने किंवा बाजारात निव्वळ मिळेल त्या भावाने, यांपैकी जो कमी असेल त्याने धरते. वाढलेला भाव विकल्याशिवाय मोजत नाही. पडलेला भाव न विकताही मोजते. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून कितीतरी घरांत कापूस माजघरापर्यंत भरला गेला. प्रत्येकाच्या डोक्यातला ताळेबंद जुन्या चढ्या भावाने मांडलेला होता. भाव उतरत गेला, कापसाने अंगाला खाज आणली, आणि शेवटी विकला तेव्हा वजनही घटले होते. थांबणे चूक होते असे मी म्हणत नाही. न विकलेल्या मालाचा वरचा भाव धरून नवे कर्ज काढणे चूक होते.

आता देण्याचा एक प्रकार, जो ताळेबंदाच्या आकड्यांत नसतो आणि खालच्या टिपांत असतो. संभाव्य देणी. झाली तर झाली, नाही तर नाही. याचे उदाहरण पुन्हा शहाडचेच, आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले.

१९६० साली उल्हासनगरची नगरपालिका स्थापन झाली आणि कारखान्यांचा भाग तिच्या हद्दीत आला. दोन वर्षांनी सरकारने तो भाग वगळण्याचे मनावर घेतले. नगरपालिका घाबरली. तिने सरकारला विनंती केली की वगळू नका, आम्ही आहेत त्या कारखान्यांना जकात लागू झाल्यापासून सात वर्षे माफी देतो. सरकारने मानले. पुढे नवा नगरपालिका कायदा आला आणि नगरपालिकेने शब्द फिरवून जकात मागितली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे अर्ज सुरुवातीलाच फेटाळला गेला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, प्रकरण ऐकण्यासाठी परत पाठवले आणि सांगितले, की आश्वासनावर विसंबून समोरच्याने आपली पावले टाकली असतील, तर सार्वजनिक संस्थेलाही खासगी माणसासारखेच ते आश्वासन बांधते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा खटला शिकवतात.

निवडणुकीच्या सभेत आपल्यालाही आश्वासने मिळतात. त्यांच्यावर विसंबून आपणही पेरा वाढवतो. मग आपण का जिंकत नाही? कंपनीजवळ ठराव होता, पत्रव्यवहार होता, तारखा होत्या. आपल्याजवळ टाळ्या असतात. यापुढे आमदाराने काही कबूल केले तर त्याच्या सहीचा कागद घ्या, एवढे तरी शहाडकडून शिका.

तर असा खटला चालू असताना जकात द्यावी लागेल की नाही हे माहीत नसते. हरण्याची शक्यता जास्त दिसली की कंपनीने नफ्यातून तेवढी तरतूद काढायची असते. नाही तर निदान टिपेत लिहायचे असते, की अमुक रकमेचा दावा आहे. तुमच्या घरातले संभाव्य देणे कोणते? साडूच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात ते. साडूने हप्ते भरले तर काही नाही, थकवले तर वसुलीवाला तुमच्या दारात. जामीनकीचे कागद घरात कुठे लिहून ठेवले आहेत का? बायकोला, मुलाला माहीत आहेत का? नवरा गेल्यावर बाईला जामीनकी कळते अशी घरे तुम्ही पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत.

शहाडच्या पुढच्या स्टेशनाजवळ, आंबिवली-मोहने इथे दुसरा रेयॉनचा कारखाना होता. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. तोच लगदा, तोच धागा, तीच नदी. २००९ च्या नोव्हेंबरात तो बंद पडला. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकली, वसाहत ओसाड झाली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले आणि जागा शेवटी अदानी समूहाकडे आली. एका स्टेशनाच्या अंतरावर दोन कारखाने, एकाचे धुराडे चालू आणि दुसऱ्याचे पाडलेले.

लेखापरीक्षक दरवर्षी एक गोष्ट तपासतो: हा चालता धंदा आहे का, पुढचे वर्षभर तरी आपली देणी देत उभा राहील का. तशी शंका असेल तर अहवालात लिहावे लागते. अहवालाची भाषा गुळगुळीत असते. हिशेब सत्य आणि यथार्थ चित्र दाखवतात, असे म्हटले की ठीक. त्याच्यापुढे 'मात्र' किंवा 'याखेरीज' आले की तिथे बोट ठेवा. अहवालाचा अर्थ त्या एका परिच्छेदात असतो. आणि लेखापरीक्षक चोर पकडणारा शिपाई नव्हे. तो नमुने तपासतो, मत देतो. काट्यात मारलेले वजन त्याला ताळेबंदात दिसत नाही, ते तुम्हालाच पाहावे लागते.

कंपनी बुडाली की रांग लागते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने क्रम लावून दिला आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारण घेतलेल्या बँका एका पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग आणखी काही, आणि शेवटी भागधारक. आता सांगा, खासगी जिनिंग कंपनीला उधारीवर कापूस घातलेला शेतकरी या रांगेत कुठे? त्याच्याजवळ तारण नाही, असलीच तर कच्ची पावती. तो मागच्या टोकाला उभा आहे. भाव पन्नास रुपयांनी जास्त म्हणून जेव्हा उधारी मान्य करता, तेव्हा ते पन्नास रुपये म्हणजे या जागेचे भाडे आहे. मला ते फार कमी वाटते.

भागधारक मागे असतो हे खरे, पण त्याचे जेवढे गेले तेवढेच जाते. घर जात नाही, शेत जात नाही. मर्यादित जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि कंपनीचा सगळा खेळ या दोन शब्दांवर उभा आहे. शेतकऱ्याची जबाबदारी अमर्याद. नापिकी झाली तर तो तोटा शेताच्या बांधावर थांबत नाही, घरात येतो, लेकीच्या लग्नात येतो. उत्पादक कंपनी काढली की ही मर्यादा शेतकऱ्यालाही मिळते. फक्त एक सांभाळा. बँक कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की एका हाताने मिळालेली मर्यादा दुसऱ्या हाताने परत केली. कधी करावी लागते, इलाज नसतो. पण काय करतो आहोत हे माहीत असावे.

जोखमीचे व्यवस्थापन म्हणजे जोखीम नाहीशी करणे नव्हे. ती कोणाच्या गळ्यात आहे हे ठरवणे. २३ सप्टेंबर २०२३ ला शहाडच्या त्या कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. विमा इमारतीचा असतो, यंत्राचा असतो, भरपाईची रक्कमही ठरते, पण असा माणूस कुठल्याच वहीत भरून येत नाही. म्हणून पहिले काम जोखीम टाळण्याचे, विमा त्याच्यानंतर. फवारणीला जाणाऱ्या माणसाला तोंडावर फडके देणे हेही जोखमीचे व्यवस्थापन आहे.

कारखान्याचा विमा त्याच कारखान्याच्या नुकसानीवर मिळतो. आपला पीकविमा मंडळाच्या सरासरीवर चालतो. पीक कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पन्न उंबरठ्याच्या वर निघाले, तर माझ्या धुऱ्यातली पऱ्हाटी पाण्याखाली सडली तरी मला काही नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ च्या खरिपापासून गेला आणि शेतकऱ्याचा हिस्सा परत आला, कापसाला पाच टक्क्यांपर्यंत. पैसे मोजायचे असतील तर विकत काय घेतो ते पाहा: तुमच्या शेताचा विमा नाही, मंडळाचा आहे. भावाच्या जोखमीसाठी वायदेबाजार असतो. कापसाची गाठ आज पुढच्या महिन्याच्या भावाने विकून ठेवता येते. पण आपल्याकडे भाव चढले की सरकारला वायदे खटकतात. २०२१ च्या डिसेंबरात हरभरा, सोयाबीन, मोहरी अशा सात मालांचे वायदे बंद केले आणि बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. पडत्या भावापासून वाचायची छत्री काढून घेतली आणि सांगितले, की पावसाची काळजी नको.

आता कर, आणि मग मी थांबतो. शहरात सगळे सुनावतात की शेतकरी कर भरत नाही. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे, हे खरे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे. पण वस्तू व सेवा कराची साखळी पाहा. शहाडचा कारखाना रसायन घेताना कर भरतो आणि धागा विकताना घेतलेल्या करातून तो वजा करतो. कर त्याच्या हातातून वाहून जातो, अंगाला चिकटत नाही. शेतकरी कीटकनाशकावर १८ टक्के भरतो, खतावर ५ टक्के भरतो. कापूस विकताना त्याला कर लावायचा नाही, नोंदणी करायची नाही. सवलत वाटते. पण वजा करायला वहीच नाही, म्हणून भरलेला कर त्याच्या अंगावरच राहतो आणि उत्पादन खर्चात मुरतो. त्याचा कच्चा कापूस घेणारा व्यापारी २०१७ पासून उलट्या पद्धतीने ५ टक्के भरतो, पण तो वजावट घेतो. साखळीत फक्त एकाच कडीपाशी कर गोठतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम तंतूंवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कापसाच्या भाऊबंदाला मिळाले, कापूसवाल्याच्या फवारणीच्या औषधावरचे १८ तसेच राहिले. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्कही माफ झाले. हा करही कोणी भरला ते शोधा. आमच्या भावाने भरला.

उत्पादक कंपनीचा नफा शेतीचे उत्पन्न नव्हे, यात गफलत करू नका. मुंबईच्या बाचा गुजदर यांनी चहाच्या मळ्याच्या कंपनीचे समभाग घेतले होते. मिळालेला लाभांश शेतीचाच आहे असे त्यांचे म्हणणे होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुम्हाला मिळाला तो लाभांश. म्हणून तुमच्या कापसाची पूर्ण किंमत तुमच्या नावाने निघाली तर ते शेतीचे उत्पन्न, आणि तीच रक्कम कंपनीत ठेवून लाभांश म्हणून वाटली तर करपात्र. हिशेबनिसाला हे विचारा. मार्चनंतर विचारून उपयोग नाही.

सरकारचाही एक ताळेबंद आहे. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. खर्च धरला ५,१४०, त्याच्या दीडपट. त्या ५,१४० मध्ये हातून गेलेला खर्च आहे, झीज आहे, घरच्या माणसांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मालकाच्या भांडवलावरचे व्याज कंपनीही खर्चात लिहीत नाही, ते तिला नफ्यातून काढावे लागते. पण कंपनीने जमीन भाड्याने घेतली तर भाडे खर्चात जाते, कर्ज काढले तर व्याज जाते. म्हणून वरचे २,५७० रुपये हा निव्वळ नफा नव्हे. त्यातून खंड, व्याज आणि नापिकीच्या वर्षाची तरतूद निघायची आहे. तुमच्या शेतात काय निघते ते तुमच्याच वहीतून कळेल, आयोगाच्या सरासरीतून नाही.

उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी यायला हवी आणि तिच्यासोबत तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक यायला हवे. सभेच्या दिवशी चहाबरोबर वाटलेला कागद म्हणजे नोटीस नव्हे. घरी शाळेत जाणारी पोर असेल तर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, अडेल त्या ओळीखाली रेघ मारा आणि ती रेघ सभेत वाचा. दोन कंपन्यांच्या मंडळींनी आपले ताळेबंद आज सोबत आणले आहेत. चहा झाल्यावर मांडवाच्या मागे सतरंजीवर बसू, एकेक ओळ लावून पाहू. ज्यांची गाडी सहाची आहे त्यांनी आधी यावे.